फरशीवर फरशी

आमचं घर ठाण्यात, तळमजल्यावर, चाळीस वर्षांच्या इमारतीत. जमिनीला मोझॅकच्या फरशा; करड्या रंगात काळ्या-पांढऱ्या चिप्स, वापरून मळकट झालेल्या. मुलाचं लग्न ठरलं आणि या फरशा मला डोळ्यांसमोर नकोशा झाल्या. दुकानात ओकच्या रंगाची एक फळी हातात आली. पाकिटावर हिरवं पान छापलेलं. "ताई, फोडाफोडी नाही, जुन्या फरशीवरच बसते, तीन दिवसांत मोकळे." मी भाव उतरवण्यात इतकी रंगले की फळीच्या पोटात काय आहे, हे विचारायचंच राहिलं.

ते होतं लॅमिनेट. म्हणजे लाकडाचा तंतुमय लगदा डिंकासारख्या रेझिनमध्ये दाबून केलेला बोर्ड, वर लाकडाचं छापील चित्र आणि त्यावर मेलामाइनचा कडक पापुद्रा. लाकूड म्हणून मी जे कुरवाळत होते, तो फोटो होता! दुकानदाराने 'एसी-4' असा शिक्का कौतुकाने दाखवला होता. तो घासण्याने पडणाऱ्या झिजेचा. पाण्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

आणि आपल्याकडे फरशीचा खरा सामना पाण्याशीच असतो. "पिळून घट्ट केलेल्या फडक्यानेच पुसा," असं कारागीर जाता जाता म्हणाला. पण बादलीभर पाणी, त्यात फिनाइल आणि सपासप फडकं, याला आपण पुसणं म्हणतो. त्यात ठाण्याचा पावसाळा, भिजलेल्या छत्र्या, दारातली पायपुसणी. जुलैच्या मध्यावर कामाच्या मावशी म्हणाल्या, "ताई, जमीन बोलतेय." खरंच, पाय ठेवला की करकरायची. सांध्यांच्या कडा बोटाला लागू लागल्या. गणपतीपर्यंत हॉलच्या मधोमध चांगला उंचवटा आला आणि पाटाचा एक पाय अधांतरी राहिला.

दोन चुका एकत्र आल्या होत्या. सांध्यांतून पाणी शिरून बोर्ड फुगला होता, आणि असा बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्ववत बसत नाही. शिवाय कडेने भिंतीपाशी आठ-दहा मिलिमीटर मोकळी जागा सोडायची असते, ती सोडलेली नव्हती. दमट हवेत पसरणाऱ्या फळ्यांना जायला जागा नाही, मग त्या वर उठणारच.

म्हणून आता कोणी विचारलं तर मी आधी नमुन्याचा तुकडा मागायला सांगते. त्याची जाडी मोजायची, रात्रभर पाण्याच्या बादलीत टाकायचा आणि सकाळी पुन्हा मोजायची. तुकडा द्यायला दुकानदार का-कू करत असेल, तर तेही उत्तरच. तळमजला असेल तर हात-दीड हाताचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर चिकटवून दिवसभर ठेवावा. खाली दव धरलं तर ओल जमिनीतून येतेय. ही परीक्षा पावसाळ्यातच करा. एप्रिलमध्ये सगळ्याच जमिनी पास होतात.

'एसपीसी' घ्या, असं पुष्कळ जण सुचवतात. त्यात चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी असतं; फळी पाण्याने फुगत नाही, हे खरं. पण ते प्लास्टिकच. प्लास्टिक नको म्हणून लिनोलियमकडे वळावं, तर खरं लिनोलियम जवसाचं तेल, लाकडाचा भुसा, बुचाची पूड आणि ताग यांचं बनतं. बाजारात मात्र त्या नावाने बहुधा पीव्हीसीचेच गुंडाळे मिळतात. हिरवं पान कुणीही छापू शकतं, म्हणून घटक लिहून मागावेत. बोर्ड असेल तर फॉर्मल्डिहाइडचा 'ई-1' वर्ग आहे का, तेही पाहावं, कारण त्या वासात आपणच झोपणार असतो.

ओट्यासाठी क्वार्ट्झ घ्यायचाही माझा विचार होता. तो दगड नव्हे, दगडाची भुकटी रेझिनने सांधलेली असते. गरम कुकर थेट ठेवला तर डाग पडू शकतो. पण मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. तो कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने कारागिरांना सिलिकोसिस होतो, म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदी घातली. आमचा जुना कडप्पा राहिला. कुठलाही दगड कापायचा तर पाणी सोडून कापा, एवढं मी हल्ली कारागिराला बजावते; ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतंच.

शेवटी फळ्या उचलल्या. त्या नुसत्या एकमेकींत अडकवलेल्या होत्या, खिळे नव्हते, म्हणून खाली मोझॅक जसंच्या तसं होतं. पॉलिशवाल्याने दोन दिवस मशीन फिरवलं. घरभर करडी राड झाली, पडदे खराब झाले, शेजारच्या काकू दोनदा येऊन ओरडून गेल्या. पण चिप्स वर आल्या तेव्हा त्यात एक तांबूस रंगही आहे, हे मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं. फळ्यांचा ढीग न्यायला भंगारवाल्यानेही नकार दिला.

फळ्या बसवताना जमीन उंच झाली म्हणून सुताराने सगळी दारं खालून तासली होती. ती फट अजून तशीच आहे. रात्री हॉलमधला उजेड तिच्यातून आत येतो, कधीकधी झुरळही येतं.