फोनच्या स्क्रीनने आपणहून रंग बदलावा का?

प्रश्न : मी चिंचपोकळीला चाळीत राहते आणि घरीच ब्लाउज शिवते. गिऱ्हाइके साडीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, त्यावरून मी दादरहून अस्तर, लेस, रिळे आणते. हल्ली मॅचिंग चुकू लागले आहे. मुलगा म्हणतो, ‘फोनमधले ट्रू टोन बंद कर, त्याने स्क्रीन पिवळी होते.’ सासरे रात्री टॅबवर वाचतात. त्यांचे म्हणणे, ‘पिवळ्या स्क्रीनमुळेच माझे डोळे टिकलेत, झोपही लागते.’ कोणाचे ऐकू?

उत्तर : मुलगा आणि आजोबा बहुधा एकाच सेटिंगबद्दल बोलत नाहीत. आधी ती गाठ सोडवू.

स्क्रीनचा रंग बदलणाऱ्या सोयी दोन आहेत. पहिली घड्याळावर चालते. संध्याकाळ झाली की स्क्रीन पिवळसर होते, सकाळी पूर्ववत. आयफोन-आयपॅडवर तिचे नाव ‘नाइट शिफ्ट’, बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर ‘नाइट लाइट’, सॅमसंगवर ‘आय कम्फर्ट शील्ड’. दुसरी सोय खोलीतल्या उजेडावर चालते. आसपासचा उजेड कोणत्या रंगाचा आहे हे सेन्सर मोजतो आणि त्याला साजेसा स्क्रीनवरचा पांढरा रंग ठरवतो. अ‍ॅपलने ‘ट्रू टोन’ या नावाने ती २०१६ मध्ये ९.७ इंची आयपॅड प्रोवर आणली, पुढच्या वर्षी आयफोन ८ आणि आयफोन एक्सवर. ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त होते ती बाब आणखी निराळी. त्यात फक्त उजेडाचे प्रमाण बदलते.

आता ही दुसरी सोय मुळात कशासाठी? उजेडाच्या रंगाचे माप केल्विनमध्ये देतात. मेणबत्तीचा उजेड सुमारे १,९०० केल्विन, जुन्या पिवळ्या बल्बचा २,७००, आणि घरोघरी असते त्या पांढऱ्या ट्यूबचा ६,५००. आकडा चढेल तसा उजेड निळसर होतो. लोखंड तापवले की आधी लाल, मग पिवळे आणि शेवटी पांढरे दिसते, त्याच हिशेबाचे हे माप आहे. फोनच्या स्क्रीनवरचा पांढरा रंग साधारण ६,५००च्या आसपास धरलेला असतो.

उजेडातला हा फरक एरवी आपल्या ध्यानातही येत नाही, कारण मेंदू तो आपसूक वजा करतो. वर्तमानपत्र गॅलरीत वाचा नाहीतर पिवळ्या बल्बखाली, कागद तुम्हाला कागदाच्याच रंगाचा वाटतो. डोळ्यांना नव्या उजेडाशी जुळवून घ्यायला एक-दोन मिनिटे पुरतात. पण कागद खोलीतलाच उजेड परत पाठवतो, तर फोनला स्वतःचा उजेड असतो. पिवळ्या दिव्याच्या खोलीत डोळे पिवळ्याला सरावलेले असताना फोनचा पांढरा रंग निळसर आणि बोचरा वाटतो. ट्रू टोन तो खोलीच्या बाजूला झुकवते, म्हणून वाचताना बरे वाटते.

म्हणजे ‘ट्रू टोनने स्क्रीन पिवळी होते’ हे अर्धेच खरे. पांढऱ्या ट्यूबखाली ते फारसे काही करत नाही, पिवळ्या दिव्याखाली बरेच करते. मुलाला दोन्ही दिव्यांखाली ते बंद-चालू करून पाहायला सांगा. मात्र बंद केल्याबरोबर स्क्रीन निळी दिसली, तर लगेच मत बनवू नका. दोन मिनिटे थांबा आणि मग पाहा.

आता मॅचिंगकडे येऊ. तुमचे खरे नुकसान तिथे होते आहे. पुष्कळांची समजूत असते की स्क्रीन पिवळी असताना काढलेला किंवा पाठवलेला फोटोही पिवळा जातो. तसे होत नाही. या दोन्ही सोयी फक्त स्क्रीनवरचे दिसणे बदलतात. फोटोच्या फाइलला हात लावत नाहीत. पण फोटो काढतानाच कॅमेरा स्वतःचा एक अंदाज करतो. खोलीतला उजेड कोणत्या रंगाचा असेल हे तो चित्रावरून ताडतो आणि त्याप्रमाणे रंग दुरुस्त करतो. अख्ख्या चौकटीत एकच मोरपिशी साडी पसरलेली असेल, तर त्याला पांढरे असे काही सापडत नाही आणि अंदाज हमखास चुकतो. चिंचपोकळीच्या चिंतामणी गणपतीच्या आगमनाचे फोटो दरवर्षी तुमच्याकडेही येत असतील. मूर्ती तीच, पण पितांबराचा रंग प्रत्येकाच्या फोनमध्ये थोडा वेगळा उतरतो. रस्त्यावरचे नाना रंगांचे दिवे आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा आपापला अंदाज, यांचा तो परिणाम.

त्यानंतर गिऱ्हाइकाची स्क्रीन, तुमची स्क्रीन आणि शेवटी आपला मेंदू. हा मेंदू किती फसवतो ते २०१५ मध्ये जगभर दिसले. एका झग्याचा फोटो पाहून काही लोक त्याला निळा-काळा म्हणत होते, तर काही पांढरा-सोनेरी. झगा निळा-काळाच होता. फोटोतला उजेड कसा आहे याबद्दल ज्याने मनात जे धरले, त्याप्रमाणे त्याला रंग दिसला.

तेव्हा मुलाचा सल्ला इथे लागू आहे. रंग ठरवायचा असेल तेव्हा ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट दोन्ही बंद ठेवा. सेन्सर फोनवर पडणारा उजेड मोजतो. शेजारच्या रंगीत भिंतीवरून किंवा पडद्यावरून आलेला उजेडही त्यात मिसळतो, आणि त्यावर तुमचा काही ताबा नाही. पण तेवढ्याने काम भागणार नाही. गिऱ्हाइकांना सांगा की साडी दिवसा, गॅलरीत सावलीला धरा, थेट उन्हात नको, ट्यूबखालीही नको, आणि फोटोत साडीशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवा. कागद पांढरा दिसत नसेल, तर साडीचा रंगही भरवशाचा नाही हे तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.

एक अडचण मात्र कोणत्याही फोनने सुटत नाही. दोन कापडे एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळी पडतात, कारण दोन्हींत वापरलेले रंग निरनिराळे असतात. दादरच्या दुकानात बायका अस्तर आणि साडी घेऊन दारापर्यंत येतात ते याचसाठी, आणि ती सवय अगदी शास्त्रशुद्ध आहे. कापड उद्योगात रंग पास करतानाही नमुना एका पेटीत ठेवून दिवसाचा, दुकानातल्या ट्यूबचा आणि पिवळ्या बल्बचा असे उजेड बदलून पाहतात. म्हणून फोटोवरून फार तर आठ-दहा शेड निवडून ठेवा. पक्की खरेदी साडीची कात्रण हातात आल्यावरच करा. साडीतून काढलेला ब्लाउजपीस असेल तर त्याचीच चिंधी मागा. लग्नाच्या ऑर्डरीला तर कात्रणीशिवाय हात लावू नका.

राहिले सासऱ्यांचे डोळे आणि झोप. स्क्रीनच्या निळ्या उजेडाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, असे अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची संघटनाही स्पष्ट सांगते. दिवसा बाहेर पडल्यावर डोळ्यांत जातो त्याच्या मानाने फोनचा निळा उजेड अगदीच थोडा. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पापण्या कमी लवतात म्हणून. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवणारी पापणी स्क्रीनसमोर निम्म्यावर येते आणि डोळे कोरडे पडतात. पिवळ्या रंगाने पापणी जास्त लवत नाही. दर वीस मिनिटांनी मान वर करून वीस सेकंद लांब पाहावे, याचा उपयोग जास्त.

झोपेबाबत त्यांच्या म्हणण्याला आधार आहे, पण तोकडा. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्या निळ्या उजेडाने जाग्या होतात आणि मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असे कळवतात. त्यावरूनच नाइट शिफ्टची कल्पना निघाली. परंतु अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २०२१ मध्ये १६७ तरुणांवर अभ्यास केला. काहींनी झोपण्यापूर्वी नाइट शिफ्ट लावून फोन पाहिला, काहींनी न लावता, काहींनी फोन पाहिलाच नाही. सर्वांचा एकत्रित हिशेब केला तेव्हा झोपेत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. झोप उडते ती रंगापेक्षा स्क्रीनच्या झगझगाटाने आणि त्याहूनही तिच्यावर जे चालले असते त्याने. सासरे शांतपणे पुस्तक वाचत असतील, तर त्यांच्या झोपेचे श्रेय मी पुस्तकाला देईन.

त्यांच्या टॅबवर दोन्ही सोयी खुशाल चालू राहू द्या. वाचायला सुख वाटते हे कारण पुरेसे आहे. फक्त रात्री ब्राइटनेस बरीच खाली आणून द्या आणि खोलीतला दिवा लावलेला ठेवा. तुमच्या फोनवर मात्र शिवणकामाच्या वेळेत दोन्ही बंद.