बॅट, बेट, बिट, बट : कोशातला अर्थ आणि बोलण्यातला अर्थ



मराठीच्या तासाला आपण ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द शिकलो. पहिला म्हणजे दिवस, दुसरा म्हणजे गरीब. बोलताना आपण दोन्ही जवळजवळ सारखेच उच्चारतो. फरक उरतो तो लिहिण्यात. हीच सवय इंग्रजीत अडचणीची ठरते. तिथे स्वर जरा हलला की शब्दच बदलतो. शिवाय अशा लहान शब्दांना कोशातल्या मुख्य अर्थाखेरीज बोलण्यातला, म्हणजे स्लँगमधला, आणखी एक अर्थ असतो. चित्रपटांतून आणि मोबाइलवरून बहुधा तोच आधी कानावर पडतो. तो भलत्या ठिकाणी वापरला तर परीक्षेत गुण जातात, अर्ज वाचणारा हसतो आणि कधी कधी समोरच्याचा अपमानही होतो. म्हणून आज ‘ब’ने सुरू होऊन ‘ट’ने संपणारे काही शब्द पाहू.

१. बॅट : खेळण्याची बॅट आणि वटवाघूळ, हे दोन्ही कोशातले अर्थ. बोलण्यात ‘ओल्ड बॅट’ म्हणजे खडूस म्हातारी. हा अपमानकारक प्रयोग आहे. अर्थ ठाऊक असावा, तोंडी नसावा.

२. बेट : म्हणजे पैज. अमेरिकेत ‘यू बेट’ म्हणजे ‘अर्थातच’. आजची तरुण मुले नुसते ‘बेट’ म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ ‘चालेल, ठरलं’ असा असतो. यातला ‘ए’ आखूड आहे. मराठी-गुजरातीतल्या ‘बेट द्वारके’सारखा लांबवला तर ऐकणाऱ्याला ‘आमिष’ या अर्थाचा वेगळाच इंग्रजी शब्द ऐकू येईल.

३. बिट : म्हणजे लहान तुकडा. पूर्वी अमेरिकेत स्पॅनिश डॉलर चालत असे. त्याच्या आठव्या भागाला ‘बिट’ म्हणत, म्हणून ‘टू बिट्स’ म्हणजे पाव डॉलर. त्यावरून ‘टू-बिट’ म्हणजे हलक्या दर्जाचा. आपल्याकडे पाव रुपयावरून ‘चवन्नीछाप’ झाले, अगदी तसेच! संगणकातला ‘बिट’ मात्र वेगळा. ‘बायनरी डिजिट’ या दोन शब्दांचा तो संक्षेप आहे. क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या प्रसिद्ध लेखात तो आला आणि त्याचे श्रेय त्यांनी जॉन ट्यूकी यांना दिले.

४. बीट : म्हणजे मारणे, हरवणे, हृदयाचा ठोका, पोलिसाच्या गस्तीचा भाग. बोलण्यात ‘आय अ‍ॅम बीट’ म्हणजे ‘मी पार थकलो’. मित्राशी बोलताना हे चालेल. पत्रात ‘टायर्ड’ लिहावे. ‘आमचा संघ हरला’ असे सांगायचे असेल तर ‘बीटन’ हे रूप हवे.

५. बट : एका ‘टी’चा बट म्हणजे ‘पण’. दोन ‘टी’ लिहिले की तो बंदुकीचा दस्ता किंवा सिगारेटचे थोटूक होतो, आणि अमेरिकन बोलीत चक्क बसायचा भाग! निबंधात हा जादा ‘टी’ टाळा.

६. बूट : पायातला बूट सर्वांना माहीत आहे. ब्रिटनमध्ये मोटारीच्या डिकीलाही बूट म्हणतात. बोलण्यात एखाद्याला ‘बूट मिळाला’ म्हणजे त्याची नोकरी गेली. आपल्याकडे अशा वेळी नारळ मिळतो!

७. बोट : पाण्यावरची बोट. लंडनच्या पूर्व भागातल्या कॉकनी बोलीत मात्र ‘बोट’ म्हणजे चेहरा. ‘बोट रेस’चे यमक ‘फेस’शी जुळते; मग ‘रेस’ गळाले आणि एकटे ‘बोट’ उरले.

सारख्या उच्चारांचा घोटाळा फक्त आपलाच होतो असे समजू नका. १९५६ साली आयबीएम कंपनीतल्या वर्नर बुखहोल्ट्झ यांनी संगणकासाठी ‘बाइट’ हा शब्द योजला. घास या अर्थाच्या ‘बाइट’मधला शेवटचा ‘ई’ चुकून राहिला तर त्याचा ‘बिट’ होईल, म्हणून त्यांनी स्पेलिंगमध्ये ‘आय’च्या जागी ‘वाय’ घातला.

मग ओळखायचे कसे? चांगल्या इंग्रजी कोशात अर्थाच्या आधी एक लहान खूण असते. ‘स्लँग’ किंवा ‘इन्फॉर्मल’ असेल तर तो अर्थ मित्रांत चालतो, उत्तरपत्रिकेत आणि अर्जात नाही. ‘डेटेड’ म्हणजे तो आता जुना झाला. ‘ऑफेन्सिव्ह’ म्हणजे त्याने कोणीतरी दुखावेल. शब्द कोणी, कोणाला, कुठे म्हणायचा हे या खुणा सांगतात. त्या वाचायची सवय लागली की इंग्रजी बोलायची भीती बरीच कमी होते, कारण आपण काय म्हणतो आहोत हे आपल्याला नक्की ठाऊक असते.

पालकांनी मुलांच्या तोंडी असा शब्द ऐकल्यावर लगेच रागावण्यापेक्षा ‘कोशात काय आहे, बघू या’ असे म्हणावे. आपल्या बडोद्याला कोशांची परंपरा आहे. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी अशा भाषांतले प्रतिशब्द देणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ येथेच १९३१ साली निघाला. विश्वस्त मंडळींनी मनावर घेतले, तर प्रत्येक वर्गाच्या कपाटात एक चांगला इंग्रजी कोश ठेवणे कठीण नाही.

स्वाध्याय
१. चिप, चीप, चॅप, चॉप : या शब्दांचे अर्थ कोशात पाहा. कोणत्या अर्थाआधी ‘इन्फॉर्मल’ अशी खूण आहे?
२. मुख्याध्यापकांना लिहिलेल्या पत्रात ‘टू-बिट’ चालेल का? कारण द्या.
३. ‘चवन्नीछाप’, ‘नारळ देणे’ यांसारखे पाच मराठी प्रयोग आजी-आजोबांना विचारून लिहा. ते कुठे चालतात आणि कुठे चालत नाहीत, हेही त्यांनाच विचारा.