मागचा गिअर बदलताय? आधी हँगर बघा!



सायकल दुरुस्तीचं दुकान टाकणार असाल तर हे काम येणारच. मुलांची सायकल उजव्या बाजूवर पडते, मागचा डिरेलर आत दबतो आणि पुढे कधीतरी मोठ्या चकतीवर गिअर टाकला की स्पोकमध्ये अडकून तुटतो.

लगेच नवा लावू नका. डिरेलर ज्या पट्टीवर बसतो तो हँगर मागून बघा. तो वाकलेला राहिला तर नवा डिरेलरही स्पोकमध्ये जाईल, आणि चाक जाम झालं तर मूल पडेल.

कामाचा क्रम :

1. मागे चकत्या किती, जोडणी कशी, हे बघूनच नवा डिरेलर आणा.
2. केबल सोडा, चेन काढा, जुना डिरेलर उतरवा. हँगर सरळ करा; तडा असेल तर बदला.
3. नवा बसवून चेन जोडा. केबल बांधण्याआधी ‘एच’ स्क्रूने लहान चकतीची हद्द ठरवा.
4. केबल बांधा. ‘एल’ स्क्रूने मोठ्या चकतीची हद्द ठरवा. चेन स्पोककडे उतरता कामा नये.
5. चाक उचलून सगळे गिअर फिरवा, मग स्वतः तपासून द्या.

आता धंद्याचं बोलू. हँगर सरळ केलेला गिऱ्हाईकाला दिसत नाही, म्हणून त्याची मजुरी मागायला आपण लाजतो. काम सुरू करण्याआधीच वाकलेला हँगर दाखवा आणि सामान, मजुरी वेगवेगळी सांगा. पटलं तर पालक आनंदाने देतात.

आजचा गृहपाठ : तुमच्या धंद्यातलं असं न दिसणारं काम कोणतं? लिहून काढा आणि दरपत्रकात घाला.