दोर धरणारा हात आणि कुत्र्याचे वर्तन

बुजऱ्या बैलाचा कासरा भित्र्या माणसाच्या हाती देऊ नये, हे जाणत्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. दोरीला बांधून फिरवावयाच्या कुत्र्यासही हाच नियम लागू आहे; परंतु तेथे सर्व दोष कुत्र्याच्याच माथी मारला जातो.

गावाकडील कुत्रा बहुधा मोकळा असतो. शहरात तो दोरीलाच बाहेर पडतो, म्हणून ही गोष्ट तेथे अधिक स्पष्ट दिसते. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली परळलाच सुरू झाले. लालबाग किंवा दादरहून कुत्रा घेऊन तिकडे चालत निघालेल्या माणसास अरुंद पदपथ, वाहनांचे भोंगे आणि गल्लीतील मोकाट कुत्री यांतून वाट काढावी लागते. समोर मोकाट कुत्रा दिसताच धनी दचकतो, श्वास रोखतो व दोर मनगटाला गुंडाळून आखडतो. वास्तविक त्या क्षणापर्यंत त्याच्या कुत्र्याने काहीही केलेले नसते.

दोर आखडला की गळपट्टा रुततो, मान व छाती वर उचलली जाते. ओळख नसलेली कुत्री एरवी एकमेकांस वळसा घालून, बाजूने हुंगून पारखतात. ताणलेला दोर ही सोय काढून घेतो. कुत्रा समोरासमोर, ताठ उभा राहतो आणि दुसऱ्यास ते आव्हान वाटते. असे चार वेळा घडले की दुसरा कुत्रा दिसणे म्हणजे गळ्यास हिसका, एवढेच तो शिकतो. मग तो आधीच भुंकू लागतो, धन्याची धास्ती वाढते आणि दोर आणखी आखडतो.

धन्याची धास्ती केवळ दोरातूनच पोचते असे नाही. बेलफास्ट येथील संशोधकांनी ३६ माणसांना ९००० मधून सतरा-सतरा वजा करीत मोठ्याने मोजावयास लावले आणि त्यापूर्वीचा व नंतरचा त्यांचा घाम व श्वास यांचे नमुने घेतले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात चार शिकविलेल्या कुत्र्यांनी ताणाचा नमुना शंभरातून सुमारे ९४ वेळा बिनचूक ओळखला. स्वीडनमधील २००९ सालचा घोड्यांवरील प्रयोग तर शेतकऱ्यांस सहज पटेल. घोडा धरून चालणाऱ्यांस, या खेपेस वाटेत छत्री एकदम उघडली जाईल, असे सांगण्यात आले. छत्री उघडलीच नाही. तरीही माणसाच्या व घोड्याच्याही हृदयाचे ठोके वाढले.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे, मात्र सवयीचा आहे. दोर सुमारे दोन हात लांब व सैल ठेवावा, मनगटाला गुंडाळू नये. दुसरा कुत्रा दुरून दिसताच थांबून न राहता, श्वास सोडून, वळसा घेऊन चालत राहावे. ओरडू नये, घाबरलेल्या माणसाचे ओरडणे कुत्र्यास साथीचे भुंकणे वाटण्याचा संभव असतो. गावातील कुत्रा लसीकरणासाठी प्रथमच दोरीला बांधावयाचा असेल, तर आठ दिवस आधीपासून घराभोवती सवय करावी आणि तो ज्याच्याजवळ शांत असतो त्याच्याच हाती दोर द्यावा, मग ती घरातील आजी का असेना.

अर्थात प्रत्येक दोष धन्याचा नव्हे. कान दुखणे, सांधे धरणे, पूर्वीचा चावा यांमुळेही कुत्रा अंगावर येतो. शांत कुत्रा एकाएकी चावरा झाला, लाळ गाळू लागला किंवा त्याचा आवाज बदलला, तर रेबीजचा संशय धरून त्यास हात न लावता पशुवैद्यास कळवावे. कोणास चावा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.