सोळा संघांना पुढे चाल कशासाठी?

बाद पद्धतीच्या स्पर्धेचा तक्ता फलकावर लागला, की एक तक्रार हमखास ऐकू येते : "त्यांना पुढे चाल आणि आमच्या वाट्याला पहिल्याच फेरीत एवढा तगडा संघ?" चिठ्ठ्या टाकल्या असतील, तर नशिबाला दोष देऊन मोकळे होता येते. पण तक्ता माणसांनी विचारपूर्वक आखला असेल तर? अमेरिकेत १९५९ पासून भरणारी एन.सी.ए.ए.ची महाविद्यालयीन सॉकर स्पर्धा (आपण फुटबॉल म्हणतो तोच खेळ) अशीच आखली जाते.

पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत सुमारे दोनशे संघ आहेत. प्रवेश मिळतो फक्त ४८ संघांना. महाविद्यालयांचे 'कॉन्फरन्स' नावाचे गट असतात. गटविजेत्यांना थेट प्रवेश मिळतो आणि उरलेल्या जागा निवड समिती भरते. खरी धाकधूक येथेच. चौथ्या वर्षाच्या खेळाडूला नाव पुकारले न गेल्यास परत संधी नाही.

समितीने कोणाला घ्यावे? नुसते विजय मोजले, तर दुबळे प्रतिस्पर्धी शोधणाराच शहाणा ठरेल! म्हणून अनेक वर्षे आर.पी.आय. हा निर्देशांक वापरात राहिला. वाणिज्य शाखेच्या मित्रांनो, ही आपली भारित सरासरीच. स्वतःच्या विजयाच्या प्रमाणाला भार २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाच्या प्रमाणाला ५० आणि त्यांच्याही प्रतिस्पर्ध्यांच्या प्रमाणाला २५.

समजा, 'अ' संघाने १६ पैकी १२ सामने जिंकले (०.७५०), पण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रमाण ०.४०० आणि त्यापुढील प्रमाण ०.५०० आहे. निर्देशांक येतो ०.५१२५. 'ब' संघाने दहाच जिंकले (०.६२५), परंतु पुढील दोन प्रमाणे ०.६०० व ०.५५० आहेत. त्याचा निर्देशांक सुमारे ०.५९४. दोन विजय कमी असूनही 'ब' पुढे! 'अ'च्या खेळाडूंना हे कसे पटावे, हा प्रश्न वेगळा. समिती मात्र परस्परांतील निकालही पाहते, केवळ आकड्यावर विसंबत नाही.

आता पुढे चालीचे गणित. बाद पद्धतीत ४८ च्या पुढची सोयीची संख्या ६४, वजाबाकी १६. तेवढ्याच संघांना मानांकन देऊन पहिल्या फेरीतून सूट दिली जाते, शिवाय दुसऱ्या फेरीचा सामना घरच्या मैदानावर. पहिला व दुसरा मानांकित संघ विरुद्ध अर्ध्या भागांत ठेवतात, म्हणजे त्यांची गाठ अंतिम फेरीतच पडावी. बिगरमानांकितांच्या जोड्या लावताना अंतर पाहिले जाते. प्रवासखर्च तेथेही कोणाला चुकलेला नाही.

२०२४ साली व्हरमाँटला मानांकन नव्हते. त्यामुळे मानांकितांपेक्षा एक सामना अधिक, असे सहा सामने त्यांच्या वाट्याला आले. त्यांनी पिट्सबर्ग व डेन्व्हर या मानांकित संघांना बाहेर काढले आणि अंतिम सामन्यात जादा वेळेत मार्शलला २-१ असे हरवून विजेतेपद पटकावले.