सातबारा वाचू या



गावी गेल्यावर "सातबारा काढायचा आहे" असे आजोबांच्या तोंडून आपण ऐकतो. सातबारा म्हणजे काय, ते या धड्यात पाहू.

शेतजमीन कोणाच्या नावावर आहे, गट क्रमांक व क्षेत्र किती, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, हे गाव नमुना ७ मध्ये लिहिलेले असते. कोणती पिके घेतली, ते नमुना १२ मध्ये. दोन्ही एकाच कागदावर येतात, म्हणून ७/१२.

पूर्वी हा उतारा तलाठी हाताने लिहून देत. ते भेटले नाहीत तर पुन्हा हेलपाटा. आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांना गावच्या काकांची मनधरणी करावी लागे. आता महाराष्ट्र शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक भरला की उतारा पडद्यावर दिसतो. तो फक्त माहितीसाठी. सरकारी कामाला डिजिटल सहीचा उतारा लागतो. ही सोय १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाली. त्याला १५ रुपये पडतात.

इथे इंग्लंड-वेल्समध्येही डिसेंबर १९९० पर्यंत जमिनीची नोंदवही मालकाच्या संमतीशिवाय पाहता येत नसे. आज कोणीही फी भरून ती ऑनलाइन पाहू शकतो. एक फरक मात्र लक्षात ठेवू. इथल्या नोंदीमागे सरकारची हमी असते. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद. चूक सिद्ध होईपर्यंत तो खरा धरतात.

मग सगळे काम यंत्रानेच होते का? नाही. जुन्या नोंदी संगणकात भरल्या त्या माणसांनी. 'यशवंत'चे 'येशवंत' झाले, तर यंत्राला ते कळत नाही, पण पुढे जमिनीचा व्यवहार अडतो. आजोबा वारल्यावर वारस नोंद केली नाही, तर कागदावर मालक आजोबाच राहतात. तो अर्ज आता 'ई-हक्क' प्रणालीतून करता येतो. फेरफार तपासून मंजूर मात्र मंडळ अधिकारीच करतात.

यंत्राने कागद आपल्या घरापर्यंत आणला. त्यातली चूक ओळखेल कोण? ज्याला मराठी वाचता येते आणि पणजोबांचे नाव ठाऊक आहे तो. शनिवारी आपण जोडाक्षरे घोटतो, ती अशीही कामाला येतात.

शब्दार्थ
उतारा – नोंदीची नक्कल
बोजा – जमिनीवरील कर्जाची नोंद
फेरफार – नोंदीतील बदल
वारस – मृत व्यक्तीच्या मालमत्तेचा हक्कदार

स्वाध्याय
१. नमुना ७ आणि नमुना १२ यांत कोणता फरक आहे?
२. पणजोबांपासून तुमच्यापर्यंतची नावे आजी-आजोबांना विचारून देवनागरीत लिहा.
३. पालकांसह घरचा एखादा जुना सातबारा पाहा. नावे दोघांनी मोठ्याने वाचा आणि प्रश्न २ मधील यादीशी ताडून पाहा.