अंदाजाला मार्क नाहीत म्हणे!

‘मॅडम, आमच्याकडे अंदाजपंचे चालत नाही. रीत लागते.’ पाचवीच्या शिष्यवृत्तीची तयारी करून घेणाऱ्या सरांचं हे वाक्य माझ्या अजून डोक्यातून जात नाही.

सराव पेपरातला प्रश्न होता : ५ पूर्णांक १/८ मधून २ पूर्णांक ७/८ वजा करा. लेकीने २ पूर्णांक १/४ हा पर्याय रंगवला. क्लासच्या उत्तरसूचीत होतं ३ पूर्णांक ३/४. म्हणून फुली. घरी मी तिला विचारलं तर म्हणाली, ‘आई, पाचाहून जरासंच जास्त आहे, त्यातून जवळजवळ तीन गेले. मग दोनाच्या आसपासच उरणार ना? पावणेचार कुठून येतील?’

मी वही ओढून समच्छेद करून पाहिलं. बरोबर तिचंच होतं. १/८ मधून ७/८ जात नाहीत, म्हणून सूची करणाऱ्याने उलट ७/८ मधून १/८ वजा केले होते. मुलं हमखास करतात तीच चूक, आणि ती मुलांना ‘बरोबर उत्तर’ म्हणून दिली होती!

सरांना दाखवायला गेले, तर त्यांनी गणिताकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी म्हणाले, ‘सूची छापील आहे.’ मग म्हणाले, ‘कच्चं काम कुठंय हिचं?’ पर्याय रंगवायच्या पेपरात! मी म्हटलं, ‘पावणेचारात २ पूर्णांक ७/८ मिळवून बघा, साडेसहाच्याही वर जातंय.’ तेव्हा ते अंदाजपंचेचं वाक्य आलं, तेही इतर पालकांसमोर. पुढे ग्रुपवर ‘उत्तर दुरुस्त करून घ्यावे’ एवढी एक ओळ पडली. पोरीला कुणी शाबास म्हटलं नाही.

शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं असतात. तिथे अशक्य पर्याय क्षणात खोडता येणं हेच तर कसब आहे. आणि नुसत्या रितीने काय होतं, तेही जगजाहीर आहे. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ यांच्या बेरजेचा अंदाज विचारला होता. दोन्ही अपूर्णांक एकाच्या जवळचे, म्हणजे उत्तर २. ते जेमतेम २४ टक्क्यांना आलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं. नुसते अंश किंवा नुसते छेद मिळवून येणारी ही उत्तरं.

म्हणून पालकांनो, हे घरीच करून घ्या.

लसावि काढण्याआधी मुलाला अंदाज बोलायला लावा. अंश छेदाच्या मानाने अगदी लहान असेल तर शून्य, छेदाच्या निम्म्याजवळ असेल तर अर्धा, छेदाला भिडत आला असेल तर एक. ७/८ − १/३ म्हणजे साधारण एकातून अर्धा. उत्तर अर्ध्याच्या जवळपास. नेमकं उत्तर १३/२४. समच्छेद करायचं सोडून अंशातून अंश आणि छेदातून छेद वजा करणारं मूल इथे ६/५ लिहितं. ७/८ मधून काही काढल्यावर एकाहून जास्त उरेलच कसं, हे त्याला विचारा.

पाव आणि पाऊण यांना मात्र शून्याकडे किंवा एकाकडे ढकलू नका. ३/४ − १/४ चा अंदाज ‘एक वजा शून्य’ केला तर १ येतो, खरं उत्तर निम्मं आहे. वजाबाकीत दोन्ही संख्या एकाच बाजूला सरकवल्या की चूक बरीचशी एकमेकींत जिरते. एक वर आणि एक खाली सरकवली की चूक वाढते. हे मला कुठल्याही क्लासमध्ये कुणी सांगितलं नाही.

अंदाज शून्य आला तर उत्तर शून्यच असं समजू देऊ नका. ४/७ − १/२ मध्ये १/१४ उरतो. रोज थोडा सराव घ्या, रागावू नका. अंदाज झाल्यावर रीतही पूर्ण करून घ्या.

आणि क्लासची उत्तरसूची डोळे मिटून मानू नका. मूल ‘हे उत्तर असं असूच शकत नाही’ म्हणालं, तर फुली मारण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्या. जो क्लास ते ऐकून घेत नाही, तिथे फी भरू नका.